सायकल शर्यतीत पहिल्यांदाच स्वयंसेवक: वळणावर नक्की करायचं काय?

सावकाश_चाक

नमस्कार मंडळी,

गुडघ्याने ऐन वेळी दगा दिल्यामुळे यंदाची शर्यत माझ्या हातून गेली. भरलेली एन्ट्री वाया जाणार म्हणून हळहळत होते, तेवढ्यात आयोजकांचा निरोप आला की माणसं कमी पडतायत, कोणी मदतीला येतं का. घरी बसून चरफडण्यापेक्षा बरं, म्हणून हो म्हणून बसले. काल यादी आली. माझ्या नावापुढे एवढंच लिहिलंय: "वळण क्र. ७. सकाळी ५.३०. जॅकेट, शिट्टी, झेंडा जागेवर मिळेल."

गोल मार्ग आहे, १८ किलोमीटरची एक फेरी, अशा चार. सात नंबरचं वळण नेमकं उतार संपतो तिथे, काटकोनात. मी स्वतः तिथे दरवेळी ब्रेक दाबून जीव मुठीत धरून वळते. रस्ता रहदारीला पूर्ण बंद नसणार, एकच बाजू आपल्याला मिळाली आहे.

शर्यतीत पळालेय बऱ्याचदा, पण कडेला उभी कधीच राहिले नाही. कुठे उभं राहायचं? शिट्टी कधी मारायची? मोटार आली तर? कोणी पडलं तर? आणि विचारायला जरा संकोच वाटतो, पण चार-पाच तास एकाच जागी म्हणजे बाथरूमचं काय?

शिट्टीवाला

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कोणीच सांगत नाही. आजच आयोजकांना विचारा, की सात नंबरला दोन जण आहेत का. नसतील तर मागून घ्या. एकट्या माणसाला उताराखालचं वळण देणं हीच मुळात चूक आहे. दोघं असलात की एक जण दहा मिनिटं जाऊन येऊ शकतो, आणि कोणी पडलं तर दोन कामं दोघांत वाटता येतात.

आता जागा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला अजिबात उभं राहू नका. ज्याचा ब्रेक चुकतो तो सरळ तिकडेच येतो. आतल्या टोकालाही नको, सगळे तिथूनच घासून जातात. वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्याची कड सोडून, जिथून वरचे तुम्हाला दिसतील आणि त्यांना तुम्ही दिसाल अशी जागा शोधा. किती अलीकडे याचा हिशोब सोपा आहे. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. तुम्ही वळणापासून ७० मीटरवर असाल तर त्यांच्या हातात पाच सेकंद उरतात. वळणावरच उभ्या राहिलात तर तुम्ही फक्त साक्षीदार.

आणि घरून खराटा न्या. थट्टा नाही करत. माझ्या इतक्या वर्षांत शिट्टीने जेवढे अपघात टळले असतील त्याहून जास्त खराट्याने टळलेत. शर्यतीआधी वळणावरची खडी झाडून काढायची, दोन फेऱ्यांच्या मधे पुन्हा बघायचं. मोटारी वळताना कडेची खडी परत आत आणून टाकतात.

उतारावर

शर्यत करणारा म्हणून सांगतो. "सावकाश! सावकाश!" ओरडू नका. सावकाश कशासाठी ते कळत नाही, आणि घोळक्यात पुढच्याने उगाच ब्रेक दाबला तर मागचे सहा जण त्याच्यावर. एकच शब्द, जे असेल त्याचा. "खडी!" "मोटार!" "ओलं!" बास.

हात दाखवायचा तर पूर्ण हात, खांद्यापासून. आणि एकदा उभं राहिलात की हलायचं नाही. आम्ही लांबूनच ठरवतो की या पिवळ्या जॅकेटच्या कुठल्या बाजूने जायचं. जॅकेट ऐन वेळी दोन पावलं सरकलं की सगळी गणितं फिसकटतात.

शिट्टीवाला

सहमत. शिट्टीचंही तेच. सतत वाजवली की दहा मिनिटांत तिचा पाखरांच्या किलबिलाटासारखा आवाज होतो, कानावर पडतो पण ऐकू येत नाही. शिट्टी फक्त धोक्याला. एरवी झेंडा.

वाचनमात्र

मी सायकलवाला नाही, मी रस्त्यावर राहणारा. या धाग्यावर सगळे आपापसात खूश आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मागे आमच्या दारावरून अशीच शर्यत गेली. आदल्या दिवशीपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं तर फाटकात एक पोरगा शिट्टी घेऊन उभा, "बंद आहे" एवढंच म्हणत होता. किती वेळ बंद? त्याला माहीत नाही. कोणाला विचारू? तेही माहीत नाही. रस्ता काय त्याच्या नावावर होता?

चढाचा_कंटाळा

वाचनमात्र, एक दिवस दोन तास सहन करायला काय हरकत आहे? सगळीकडे उपक्रम होतात, लोक सहकार्य करतात.

शिट्टीवाला

नाही हो, वाचनमात्र यांचं शंभर टक्के बरोबर आहे. त्या पोराचीही चूक नाही, त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सावकाश_चाक, तुमच्या मोटारीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मोटार अडवण्याचा अधिकार तुम्हाला आहे असं गृहीत धरू नका. तो पोलिसांचा असतो, आपल्याला कितपत मिळालाय ते आयोजकांना परवान्यावरूनच विचारायचं. आपल्याकडे असते ती विनंती. "घोळका येतोय, दोन मिनिटं थांबाल का?" म्हटलं की बहुतेक लोक थांबतात. "बंद आहे" म्हटलं की तेच लोक भांडतात. आणि मोटारीच्या समोर कधीही उभं राहायचं नाही, बाजूने, चालकाच्या खिडकीशी. दवाखान्याचं नाव काढलं की उतारावर वर उभ्या असलेल्या माणसाला फोन करून सायकली हळू करायच्या आणि मोटार सोडायची. तिथे वाद नाही.

पण "दोन मिनिटं" म्हणायचं तर ती खरंच दोन असली पाहिजेत. त्यासाठी पुढचा घोळका किती लांब आहे हे तुम्हाला माहीत हवं.

आकडेमोड

ते मी सांगतो, माझं खातं आहे. मी दरवेळी फिनिशवर कागद-पेन घेऊन बसतो.

१८ किमीची फेरी. पुढचे ताशी ३६ ने गेले तर फेरीला ३० मिनिटं. सगळ्यात मागचे ताशी २४ ने, म्हणजे ४५ मिनिटं. पहिल्या फेरीत सगळे पंधरा मिनिटांत तुमच्यासमोरून निघून जातात आणि पुढची पंधरा मिनिटं रस्ता रिकामा. तेव्हा हव्या तेवढ्या मोटारी सोडा. दुसऱ्या फेरीत मात्र पुढच्या आणि मागच्यांमधलं अंतर अर्ध्या तासाचं होतं, म्हणजे एक आख्खी फेरी. दीड तासाने पुढच्यांच्या तीन फेऱ्या संपतात आणि मागच्यांच्या दोन. म्हणजे साधारण तेव्हा पुढचे मागच्यांना गाठतात, आणि तेही तुमच्या उतारावर घडू शकतं. दमलेला माणूस ताशी ३० ने उतरतोय आणि मागून घोळका ५० ने. तेव्हा मागच्याला आधी सांगायचं: "कडेने रहा, मागून येतायत." पूर्ण शर्यतीतला सगळ्यात अवघड अर्धा तास तोच. लोक मात्र सगळी ताकद पहिल्या फेरीला टाळ्या वाजवण्यात घालवतात.

शेवटचा माणूस तीन तासांनी येईल हे धरून चला.

सावकाश_चाक

बापरे. मी स्वतः त्या ४५ मिनिटवाल्यांतली आहे आणि हा हिशोब कधी केला नव्हता. मागून घोळका आला की दचकायचे तेवढं आठवतंय.

शिट्टीवाला, खराटा काढून ठेवला. वाचनमात्र, तुमचं म्हणणं आयोजकांना कळवते, रस्त्यालगतच्या घरांना आधी चिठ्ठ्या टाकायच्या म्हणून. चिठ्ठ्या वाटायला मी जाईन हवं तर, चालायला गुडघा त्रास देत नाही.

पट्टीबांधा

पडलेल्यांबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी प्रथमोपचाराच्या गाडीवर असते.

कोणी पडलं की आपले पाय आपोआप त्याच्याकडे धावतात. ते थांबवायचं. एकट्या असाल तर आधी झेंडा घेऊन उलट दिशेला, म्हणजे येणाऱ्यांच्या दिशेने, कडेकडेने धावायचं आणि मागच्यांना सावध करायचं. एक माणूस पडलेला असतो, त्याच्यावर आणखी दहा पडू नयेत हे पहिलं. म्हणूनच दोघं लागतात. एक वर झेंड्याला, दुसरा पडलेल्याजवळ.

जवळ गेल्यावर उचलून बसवू नका, हेल्मेट काढू नका. मान हलू द्यायची नाही. श्वास चालू आहे ना, बोलतोय ना, रक्त कुठून येतंय, एवढं बघायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मग फोन किंवा वॉकी-टॉकीवर: वळण क्रमांक, बिब क्रमांक (अंगावर लावलेला स्पर्धकाचा नंबर), शुद्धीत आहे की नाही. नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू नका, त्याच्या घरचे फिनिशवर उभे असतात.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. बरेच जण लगेच उठतात, "काही नाही, काही नाही" म्हणतात आणि सायकल शोधायला लागतात. डोक्याला मार लागलेला माणूस अगदी असाच वागतो. त्याला विचारा: कितवी फेरी चालू आहे? आत्ता कुठे आहोत? उत्तर चुकलं, अडखळला, तोच प्रश्न परत परत विचारायला लागला, किंवा हेल्मेटला तडा दिसला, तर सायकल आपल्या हातात धरायची आणि द्यायची नाही. शिव्या खायच्या. मी खाल्ल्यात.

उतारावर

मी दिल्यात. पट्टीबांधा, तुम्हालाच नसतील, पण कोणाला तरी. नंतर हेल्मेट बघितलं तर आतून दुभंगलेलं होतं. माफी मागायला त्या बाईंना शोधलं, सापडल्या नाहीत.

हेल्मेटवरून आठवलं. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ मध्ये, आंद्रेइ किविलेव पॅरिस-नीसमध्ये पडून गेला त्यानंतर. तोवर चांगले चांगले खेळाडू उघड्या डोक्याने उतार उतरायचे.

चढाचा_कंटाळा

मी पाण्याच्या टेबलावर असतो, पण इथे सगळे वळणाचंच बोलतायत, म्हणून माझंही थोडं. बाटली देणं ही कला आहे हो. नवीन माणूस बाटली मुठीत घट्ट धरतो आणि समोर नेतो. सायकलवाल्याने ती ओढली की एक तर बाटली पडते नाहीतर तो. वरच्या टोकाला दोन-तीन बोटांत सैल धरायची, हात बाजूला, त्याच्या छातीच्या उंचीवर, आणि तो जातोय त्याच दिशेने आपणही चार पावलं चालायचं. हातात गेली की सोडायची. टेबल नेहमी चढावर. उतारावर किंवा उतार संपल्या संपल्या टेबल लावणाऱ्याला नमस्कार.

रिकाम्या बाटल्यांसाठी टेबलाच्या पुढे शंभरेक मीटरवर पिंप ठेवायचं, अलीकडे नाही. पाणी पिऊन व्हायला तेवढं अंतर लागतंच. कुठेही कचरा टाकला तर व्यावसायिकांना २०२१ पासून दंड होतो. आमच्याकडे दंड नाही, मीच दुपारी पोतं घेऊन फिरतो.

आणि वाचनमात्र, काल जरा तिरकं बोललो. तुमच्या आईचं वाचून गप्प बसायला हवं होतं.

वाचनमात्र

ठीक आहे हो. आई बरी आहे.

शिट्टीवाला

फोनबद्दल एक राहिलं. फोन खिशात. फोटो दुसरा कोणीतरी काढेल. १९९४ च्या टूर दी फ्रान्समध्ये पहिल्याच टप्प्यात, आर्मांतिएरच्या फिनिशला, बंदोबस्ताला उभा असलेला एक पोलीस फोटो काढायला कठड्यापासून थोडा पुढे झुकला. पूर्ण वेगात येणारा विल्फ्रीड नेलिसन त्याच्यावर आदळला आणि पाठोपाठ लॉराँ जालाबेर. दोघांचीही टूर तिथेच संपली. त्या पोलिसाचं काम काय होतं, तर लोकांनी पुढे झुकू नये हे बघणं.

आकडेमोड

मोठ्यांचे घोळ ऐकले की आपल्या लहान शर्यतींबद्दल बरं वाटतं. २०१३ मध्ये, टूरची शंभरावी खेप, पहिला टप्पा, बास्तियाचं फिनिश. एका संघाची बस फिनिशच्या कमानीखाली अडकली. सायकली येतायत आणि बस हलेना. फिनिश तीन किलोमीटर अलीकडे घेतो म्हणून जाहीर केलं, मग टायरांची हवा काढून बस निघाली, तर पुन्हा मूळ जागी केलं. त्या गोंधळात घोळक्यात पडापडी. आणि २०१६ मध्ये एका टप्प्यात शेवटच्या किलोमीटरची हवेची कमान हवा जाऊन ॲडम येट्सच्या अंगावर पडली, हनुवटीला टाके. मी तेव्हापासून कमानीच्या पंख्याच्या वायरीजवळ एक माणूस खुर्ची टाकून बसवतो. त्याला वाटतं मी त्याला शिक्षा दिली.

आता माझं दुखणं. वळणावरच्या लोकांनी एक करावं: जो शर्यत सोडेल त्याचा बिब क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी आणि लगेच कळवावं. निघाले किती, पोचले किती, सोडलेले किती. ही तीन आकड्यांची बेरीज जुळल्याशिवाय मी उठत नाही. फिनिशच्या चटईवरून गेलं की वेळ नोंदणाऱ्या चिपवर भरवसा ठेवून चालत नाही. कोणी शर्यत संपवून गप्पा मारत सायकल पुन्हा चटईवरून ढकलत नेतो आणि यंत्र त्याला अजून एक फेरी देऊन टाकतं. म्हणून आमच्याकडे एक जण मोठ्याने क्रमांक वाचतो, दुसरा लिहितो, आणि बाजूला आवाज रेकॉर्ड होत असतो. घोळका आला की लिहिणारा हरतोच, मग रेकॉर्डिंग ऐकायचं.

शिट्टीवाला

आकडेमोड यांच्या बेरजेनेच माझी एकदा अब्रू गेली होती, ते सांगतो. फाट्यावर उभा होतो. शेवटचा घोळका गेला, पंचवीस मिनिटं कोणी नाही. ऊन चढलेलं, माझी बाटली संपलेली. म्हटलं झालं, बाण उतरवले, झेंडा गुंडाळला, निघालो. मागे एक जण पंक्चर काढत बसला होता. तो फाट्यावर आला तर ना बाण ना माणूस. सरळ गेला. अकरा किलोमीटर. बेरीज जुळेना तेव्हा शोधाशोध सुरू झाली. सापडला तेव्हा तो रागावलाही नव्हता, फक्त म्हणाला, "मला वाटलं सगळे घरी गेले."

सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, स्वीप म्हणतात. टूरमध्ये १९१० पासून आहे, पुढे झाडू बांधलेली असायची म्हणून झाडूगाडी. ती गाडी तुमच्यासमोरून जाऊन चालकाने "शेवटचा गेला" म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. मधे कोणीही येऊन सांगितलं तरी नाही.

सावकाश_चाक

सगळ्यांचे आभार. शर्यत झाली. आता सविस्तर.

दुसरा माणूस मिळाला, कॉलेजातला मुलगा. त्याला खराटा दिला तर आधी माझ्याकडे बघतच राहिला. झाडल्यावर रस्त्याकडेला खडीचा एवढा ढीग निघाला की त्यानेच फोटो काढला. (मग फोन खिशात ठेवायला लावला.) पहिल्या फेरीत मी घाबरून चारदा शिट्टी मारली, कारण नसताना. दुसऱ्या फेरीपासून जमलं.

आकडेमोड, तुमचा दीड तास घड्याळात बघून बसले होते. एक तास छत्तीस मिनिटांनी घोळक्याने मागच्या एका काकांना उतारावरच गाठलं. मी आधीच ओरडले होते, "कडेने, मागून येतायत." काका कडेला झाले, हात वर करून धन्यवाद म्हणाले आणि एका हाताने वळताना जवळजवळ पडले. धन्यवाद नको म्हणून सांगायचं राहिलं होतं.

मोटारी तेरा थांबवल्या, एकच भांडला. त्याला खरी वेळ सांगितली तर इंजिन बंद करून बाहेर येऊन उभा राहिला आणि शेवटी टाळ्या वाजवत होता.

एक पडला, तिसऱ्या फेरीत. उठला, "काही नाही" म्हणाला. मी विचारलं कितवी फेरी. तो म्हणाला, "दुसरी." सायकल धरली. पट्टीबांधा, शिव्या मलाही मिळाल्या.

स्वीप गाडी साडेदहाला आली. फिनिशला पोचले तर आकडा एकाने कमी. दीड तास सगळे फेऱ्या मारत होते, मीही गाडीत बसून सगळी वळणं बघून आले. शेवटी बिबवरच्या नोंदीतला फोन लागला. गृहस्थ दुसऱ्या फेरीनंतर कंटाळून मित्राच्या गाडीतून घरी गेले होते आणि आंघोळ करून झोपले होते.

आकडेमोड

बिब परत आणून दिला का त्यांनी?

सावकाश_चाक

नाही. चिपही त्यांच्याकडेच आहे.